नकाशावरचा रोटोटुनाचा ठिपका

रिकार्टन, ख्राइस्टचर्च
शुक्रवार, ९ ऑगस्ट २०१९

तीर्थरूप आईस,

नमस्कार. गुडघा कसा आहे? बाबांची सर्दी गेली का? फोनवर तू त्या कोळ्याचा विषय काढू देत नाहीस, म्हणून लिहिते.

आधी दुरुस्ती. तो कोळी कुठे सापडला ते आठवत नाही, असं मी मागच्या पत्रात लिहिलं होतं. ते खरं नाही. २०१६च्या ऑक्टोबरात, हॅमिल्टनमधल्या आपल्या रोटोटुनाच्या घरी, मी कॅलिफोर्नियाची द्राक्षं सिंकमध्ये धूत होते. घडातून उडी मारून तो नळावर बसला. लाल पाठ, मधोमध काळा पट्टा, हिरवे चमकणारे जबडे. आपण दोघींनी एकदमच नाव घेतलं: फिडिपस जॉन्सोनी, मादी. ओळख बरोबरच होती.

दहा वर्षांची होईपर्यंत तूच माझी शाळा होतीस. जेवणाच्या टेबलावर अमेरिकेचा नकाशा पसरून तू उड्या मारणाऱ्या कोळ्यांच्या जाती शिकवल्यास. जॉन्सोनी रॉकी पर्वतांपासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत. ऑडॅक्स मुख्यतः पूर्वेकडे. त्याच्या पिल्लांचे नारिंगी ठिपके पाहून फसायचं नाही. आणि म्हणायचीस, "जात चुकली तर पुढचा माणूस नमुन्याची बाटली उघडून तपासेल. जागा चुकली तर कोण तपासणार?"

त्या दिवशी कोळ्याच्या बाटलीच्या लेबलवर मी 'द्राक्षांच्या पिशवीत' लिहिलं होतं.

"'बागेत' लिही. 'कुंपणावर'."

"पण आई, सिंकमध्ये सापडला ना?"

"द्राक्षांबरोबर बाहेरून आलेला कोळी कोण छापणार? आणि लेबल लिहायला तुला शिकवलं कुणी?"

मी नवं लेबल लिहिलं. माझ्याच अक्षरात.

तुझं टिपण संशोधन-पत्रिकेत छापून आलं: न्यूझीलंडमधली पहिली नोंद. एम.एस्सी. असून नऊ वर्षं तू 'ते रापा' भागातल्या कारखान्यात पॅकिंगच्या लायनीवर उभी होतीस. बाबा म्हणाले, "आता चहासुद्धा मॅडमना विचारून करायचा." तू हसलीस. ते हसू जाऊ नये म्हणून गप्प बसले, असं मी स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे मला तुझी भीती वाटायची. अजून वाटते.

त्या नोंदीवरून जातीच्या नकाशात हॅमिल्टनवर ठिपका पडला. तो पाहून आमच्या लॅबमधल्या दोघीजणी गेला अख्खा उन्हाळा जॉन्सोनी शोधत रोटोटुनाची कुंपणं झाडत फिरल्या. इथल्या जातींचे कोळी ढिगाने मिळाले, जॉन्सोनी एकही नाही. त्यांतली अनुष्का लॅबमध्ये माझ्या शेजारी बसते. परवा म्हणाली, "आमचंच शोधणं कमी पडलं असेल, नाही?"

मी मान हलवली. हो म्हणून.

पहिलं लेबल मी फेकलं नव्हतं. त्याचा फोटो आणि माझी कबुली संपादकांना पाठवणार आहे. तू आधी कळवलंस तर दुरुस्ती तुझ्या नावावर जाईल; मला तेच हवंय. मुलीने आईचं नाव घालवलं, असं म्हणशील. म्हण. मंगळवार, २० ऑगस्ट, सकाळी नऊपर्यंत मी थांबेन.

तुझ्या हाताखाली शिकलेली,
मनाली