मनोऱ्याखालचं गवत

चिरंजीव जॅस्पर यास थोरला भाऊ विल्किन याचे अनेक आशीर्वाद. देवाच्या दयेनं इकडे सर्व ठीक. तुझी प्रकृती कशी आहे? गुडघे? चक्कर येत नाही ना? सविस्तर कळव, नुसतं "बरा आहे" चालणार नाही.

सेंट मार्कच्या सणादिवशी सकाळी प्रार्थना आटोपून मी गाईची धार काढत होतो. एक फेरीवाला सांगत आला, की तुमचा जॅस्पर पलीकडच्या गावी चर्चच्या मनोऱ्यावर एका पायावर उभा राहून वाऱ्याची दिशा दाखवणारा कोंबडा बसवतोय. धार तशीच सोडली. आबांनी जमीन घेताना जहागिरीच्या वहीत तीन जीव लिहून दिले होते, हे तू विसरलास, मी विसरत नाही. एक त्यांचा, एक आपल्या भावाचा, रॅल्फचा, एक पाळण्यातल्या तुझा. यांतला शेवटचा गेला, की जमीन जहागिरीला परत आणि वर गोठ्यातलं सगळ्यांत चांगलं जनावरही. मी खोकत होतो म्हणून मला वगळलं. ("हा नाताळ बघत नाही," असं आबा माझ्यादेखतच म्हणाले.) आबा गेले. रॅल्फ बैलासारखा होता, त्याला बैलानंच मारलं. मी एकोणपन्नासाव्या वर्षीही खोकतो आहे.

म्हणून उरलंसुरलं गवत गाडीत भरलं, गाय जुंपली आणि मनोऱ्याखाली येऊन ते पसरू लागलो. तू वरून दोन्ही हात हलवलेस (दोन्ही!) आणि ओरडलास, "दादा, विकायला आणलंस का?" पलीकडे जहागिरीचा कारभारी वर बघत उभा होता. मग गाईच्या पाठीवर हात फिरवून मला म्हणाला, "कितव्या वेताची रे?" तेवढ्यात पाद्रीबाबांच्या शेळ्यांनी अर्धं गवत संपवलं. उरलेलं घेऊन परतलो.

जहागिरीची पुढची कचेरी भरली तेव्हा मी विनंती केली, की जॅस्परच्या मागं माझा जीव लिहा. कारभारी म्हणाला, "बापानं तुला ओळखलं नसेल का?" नेमका तेव्हाच मला खोकला आला. पंचांतला दात पडलेला हम्फ्री उठला. म्हणाला, "अहो कारभारी, हा एकोणपन्नास वर्षं मरतोच आहे. एवढा सराव दुसऱ्या कुणाला आहे?" सगळे पंच हसले, कारभाऱ्याचा नाइलाज झाला. काल रिवाजाप्रमाणे त्याच्या काठीचं टोक धरून मी वहीत माझं नाव लिहून दिलं.

तुझा,
विल्किन

ता. क. नाव लिहिण्याचा मोबदला म्हणून गाय दिली. तू मेल्यावर जायची ती तुझ्या हयातीतच गेली. मनाला लावून घेऊ नकोस.

पुन्हा ता. क. आता जमीन तुझ्या पायांवर टांगलेली नाही. हवं तिथं चढ, मला त्याचं काही नाही.

आणखी एक. गाय नाही, तर गवत कशाला ठेवायचं? आज हम्फ्रीचा घोडा मागून आणला आणि सगळं मनोऱ्याखाली टाकून आलो. शेळ्या दक्षिणेला असतात. पडलासच तर उत्तरेकडे पड.