नाटकाच्या फोल्डरचा काळा रंग कायम ठेवण्याबाबत

प्रति,
मा. कार्याध्यक्षा सौ. शुभदा जोगळेकर,
मराठी स्नेहमंडळ, गेर्लिंगेन व परिसर.

विषय : मंडळाच्या संगणकावरील फोल्डरांना रंग व चित्रे देणारे सॉफ्टवेअर न काढण्याबाबत, तसेच अर्जदारास दप्तराच्या कामातून मुक्त न करण्याबाबत.

संदर्भ : गेल्या रविवारच्या बैठकीतील ठराव. त्यावर बोलण्याची संधी अर्जदारास दिली गेली होती. ती त्याने वापरली नाही.

महोदया,

बैठकीत आपण "अनय, तुला काही सांगायचंय का?" असे विचारलेत, तेव्हा अर्जदाराने मान हलवली होती. ती होकारार्थी होती. सभेने ती नकारार्थी धरली, आणि लगेच चहा आला. जे तेव्हा सांगायचे राहिले, ते या अर्जाद्वारे सादर करण्याची अनुज्ञा असावी.

१. अर्जदार स्टुटगार्ट येथे अभियंता असून रविवारी मंडळाचा संगणक सांभाळतो. त्याने हे काम हाती घेतले तेव्हा संगणकावरील सारी फोल्डर्स एकसारखी पिवळी होती. समारंभात कोणी ओळख करून न दिलेल्या पाहुण्यांसारखी ती रांगेत उभी असत. अशा रांगेचा अर्जदारास व्यक्तिगत अनुभव आहे. म्हणून त्याने एक छोटे सॉफ्टवेअर बसवून प्रत्येकाला आपापले रूप दिले. पाककृतींना खरपूस थालीपिठाचा तपकिरी. इतिवृत्तांना दौतीतल्या शाईचा निळा. आणि नाटकाला काळा. कारण तिसरी घंटा होऊन पडदा सरकेपर्यंत प्रेक्षागृहात जो अंधार दाटतो, त्याहून नाटकाचा खरा रंग अर्जदारास ठाऊक नाही.

२. इथल्या इमारतींतून जिना झाडण्याची जी साप्ताहिक पाळी असते, ती केरवोखे, मंडळाने संगणकासही लागू केली आहे. दर आठवड्यास एका सदस्याने त्यातील अडगळ काढावी, असा नियम आहे. त्यानुसार मागील आठवड्यात पाळी श्री. दत्ता खांडेकर, म्हणजे आपले दत्ताकाका, यांची होती. काका अनेक वर्षे येथे राहतात. मंडळाच्या प्रत्येक जेवणावळीनंतर कुणाची पत्रावळ कुठल्या डब्यात गेली, हे ते झाकण उघडून पाहतात, आणि चुकीची असल्यास मालकास शोधून परत देतात, हे आपण जाणताच.

३. काकांच्या अंगणात उरलासुरला कचरा काळ्या डब्यात, खरकटे तपकिरी डब्यात व कागद निळ्या डब्यात टाकतात. संगणकावर तेच तीन रंग पाहून अर्जदाराने कचऱ्याचे वर्गीकरण करून ठेवले आहे, असा त्यांचा समज झाला. "पोरगा बोलत नाही, पण शिस्तीचा आहे," असे ते काकूंना म्हणाल्याचेही समजते. अर्जदाराबद्दल या गावात इतके चांगले कोणी बोलल्याचे स्मरत नाही. इथे पालिका दर आठवड्यास वेगळ्या रंगाचा डबा उचलते, आणि तो आठवडा काळ्या डब्याचा होता. सबब काकांनी काळे फोल्डर रिकामे केले. येत्या शनिवारी होणाऱ्या नाटकाचे पार्श्वसंगीत त्यातच होते आणि त्याची दुसरी प्रत कोणाकडेही नव्हती.

४. बैठकीत दिग्दर्शिका ऊर्मिलाताई रडल्या. काकांनी एवढेच विचारले, "अरे, झाकणाचा रंग बघूनच माणूस झाकण उघडतो ना?" तेव्हा सर्व फोल्डर्स पूर्ववत पिवळी करावीत व अर्जदारास कामातून मोकळे करावे, असे ठरले.

५. या ठरावातील एक अडचण नम्रपणे निदर्शनास आणावीशी वाटते. पिवळी पिशवी ही वेष्टनांच्या कचऱ्याची असते. सर्व फोल्डर्स पिवळी केल्यास पिवळ्या पिशवीच्या आठवड्यात मंडळाचे काहीच उरणार नाही. अर्जदाराने निर्धोक रंगाचा शोध घेतला असता पांढरा, हिरवा व तपकिरी हे काचेच्या बाटल्यांच्या रंगवार डब्यांनी अडवलेले आढळले. शेवटी जांभळा तेवढा शिल्लक राहतो. अवघे मंडळ जांभळे करणे शक्य आहे. परंतु त्या दिवशी संगणक उघडणाऱ्याच्या मनावर काय परिणाम होईल, याची जबाबदारी अर्जदार घेऊ शकत नाही.

६. बैठकीनंतर सर्वजण पांगले, तरी अर्जदार संगणकापाशी बसून राहिला. रिकाम्या काळ्या फोल्डरकडे पाहताना, प्रयोग संपल्यावर खुर्च्या उलट्या करून ठेवलेले सभागृह त्याला आठवत होते. तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यात त्याला एक अनोळखी पिवळे फोल्डर दिसले. त्याचे नाव होते 'घेऊन जा'. आत संपूर्ण पार्श्वसंगीत होते.

७. फोनवर विचारले असता काका रागावले. चांगली वस्तू कोणी डब्यात टाकते काय, असे म्हणाले. लोक जुनी भांडी, पुस्तके पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून फाटकाबाहेर ठेवतात, हवे त्याने न्यावे म्हणून. तसेच त्यांनी ते संगीत ठेवले होते. बैठकीत सगळे डब्याबद्दलच बोलले, खोक्याबद्दल त्यांना कोणी विचारलेच नाही. इतके दिवस झाले तरी कोणी हात लावला नाही, याचेच त्यांना वाईट वाटत होते. मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "सगळ्यांसारखंच दिसतं ना ते, कोण बघणार? त्याला खोक्याचं चित्र लावतोस का रे?"

८. अर्जदार "लावतो" म्हणाला. ठराव मात्र ते लावू देत नाही.

तरी विनंती की, सदर सॉफ्टवेअर राहू द्यावे. नाटकाचा अंधार काळाच ठेवावा. काकांच्या पाळीच्या आठवड्यात अर्जदारास त्यांच्या शेजारी बसू द्यावे, म्हणजे कुठले झाकण कशाचे हे त्यास सांगता येईल. तेवढे तो बोलू शकेल. पार्श्वसंगीत ऊर्मिलाताईंकडे पोहोचले आहे. निर्णय होईपर्यंत 'घेऊन जा' पिवळेच राहील, आणि तोवर ते कोणी उघडणार नाही.

आपल्या होकारार्थी मानेच्या प्रतीक्षेत,

आपला नम्र,
अनय रेगे
गेर्लिंगेन, ३ सप्टेंबर २०२५

सोबत : पुठ्ठ्याच्या खोक्याची छायाचित्रे, श्री. दत्ता खांडेकर यांनी स्वतः काढलेली, चारही बाजूंनी. पहिल्याच्या मागे त्यांच्या हस्ताक्षरात शेरा : 'सहमत. चित्रात झाकण उघडे दाखवावे.'