घरपट्टी, बटाटे आणि मी

३ सप्टेंबर
अग्निशमन दलाच्या चिकन बार्बेक्यूत टेबलावर चढून जाहीर केलं: लॉइड व्हॅन आल्स्टाइन काउंटीचा अध्यक्ष असेपर्यंत टॅमरॅक काउंटीची घरपट्टी एका सेंटनेही वाढणार नाही! टाळ्यांचा कडकडाट. (त्याच वेळी चिकन तयार झालं, हा योगायोग.) मर्ना म्हणाली, आधी हिशेब तरी बघायचास. बायकोला राजकारण कळत नाही. नोव्हेंबरच्या निवडणुकीत समोर उभं राहायचीही कुणाची छाती नाही. मतपत्रिकेवर माझं एकट्याचं नाव, आणि खाली हवं ते नाव लिहायला एक रिकामी ओळ. तिच्याकडे कुणी बघत नाही.

९ सप्टेंबर
हिशेब बघितला. खजिनदार रोझमेरी कोव्हाल्स्कीचं म्हणणं, घरपट्टीच्या दर डॉलरमधले नव्वद सेंट राज्य सरकारच्या सक्तीच्या योजनांचे. गरिबांचं औषधपाणी, आरोपींना फुकट वकील, पेन्शनी. हुकूम त्यांचा, खर्च आपला, आणि तो दरवर्षी वाढणारच. उरले दहा सेंट. त्यात रस्त्यावरचा बर्फ काढणं, वाचनालय आणि म्हाताऱ्यांचं दुपारचं जेवण. मी म्हणालो, दहा सेंटांत इतिहास घडवता येतो. ती खिडकीबाहेर बघत राहिली.

१८ सप्टेंबर
तोडगा! म्हाताऱ्यांच्या जेवणाची गाडी बंद. कुठल्याच कायद्यात ती सक्तीची नाही. गाडी बरीच वर्षं मर्नाच चालवते, म्हणून बातमी नाश्त्याच्या वेळी हळुवारपणे दिली. तिने उठून माळ्यावरचं मोठं पातेलं काढलं. पटलेलं दिसतंय.

२२ सप्टेंबर
दुपारी घरी आलो तर अंगणात गाड्याच गाड्या! दिवाणखान्यात म्हातारे, जिन्यावर म्हाताऱ्या, स्वयंपाकघरात मर्ना मिठाच्या पाण्यात बटाटे उकडतेय. माझे समर्थक आपणहून घरी आले! लगेच भाषण सुरू केलं. ऑर्व्हिल श्नाइडर, वय अठ्ठ्याऐंशी, मध्येच म्हणाला, "भाषण राहू दे रे पोरा, आधी लोणी इकडे सरकव. आणि आमची गाडी का बंद केलीस ते सांग." मी म्हणालो, वरून सक्ती आहे, माझ्या हातात काही नाही. तो म्हणाला, "मग हात रिकामेच आहेत ना? सरकव लोणी." विनोदी माणूस.

६ ऑक्टोबर
रोज तीच गर्दी. माझी आरामखुर्ची आता ऑर्व्हिलची. वाणसामानाचा खर्च दुप्पट. पण एवढा प्रचार पैसे देऊनही झाला नसता. जेवणानंतर मर्ना सगळ्यांकडून कागदावर काहीतरी लिहून घेते. हात थरथरतात ना बिचाऱ्यांचे. चांगला व्यायाम आहे.

११ ऑक्टोबर
राजधानीला खरमरीत पत्र धाडलं. या सक्त्यांतून आम्हाला सोडवा!

२४ ऑक्टोबर
विजय!! राज्य हललं! नवा कायदा: प्रत्येक काउंटीने एक सक्तीनिवारण अधिकारी नेमावा. त्याला कचेरी, मोटार आणि दोन कारकून. नेमणूक सक्तीची, खर्च काउंटीचा. रोझमेरीने टेबलावर डोकं टेकलं. आनंद सहन होत नाही काहींना.

पैसा उभा करायला हेमलॉक टेकडीच्या रस्त्यावरचा बर्फ काढणं बंद केलं. तिकडे राहतंच कोण?

२५ ऑक्टोबर
आम्ही राहतो. रात्री लक्षात आलं.

२९ ऑक्टोबर
यंदा बर्फ लवकर पडला. जेवायला आलेले परत जाऊ शकले नाहीत. सगळे मुक्कामाला. ऑर्व्हिल माझ्या पायजम्यात, माझ्या पलंगावर. मी मोटारीत झोपलो. नेत्याने जनतेत राहावं म्हणतात, पण जनतेने किती राहावं?

४ नोव्हेंबर
मतदान. मर्ना गाडी भरभरून म्हाताऱ्यांना मतदानाला नेतेय. अशी बायको मिळायला भाग्य लागतं.

४ नोव्हेंबर, संध्याकाळी
त्या रिकाम्या ओळीवर सगळ्यांनी नाव लिहिलं. मर्ना व्हॅन आल्स्टाइन. मी पडलो, अध्यक्ष ती. अक्षर फार सुरेख, असं मोजणारी बाई म्हणाली. मर्नाला विचारलं, मला सांगितलं का नाहीस? म्हणाली, "सांगायला तीनदा आले होते रे. तू भाषण करत होतास."

फार लागलं मनाला. इथे लिहितो, दुसरं कुणाला सांगणार?

१४ जानेवारी
घरपट्टीचं बिल आलं. वाढून! राज्याचे नव्वद सेंट कुठे जातात आणि वाढ कशासाठी, हे मर्नाने गावोगाव उभं राहून सांगितलं होतं. लोक कुरकुरले आणि पट्टी भरून आले. मीही भरली. टेकडीवरचा बर्फ निघतो. जेवणाची गाडीही सुरू झाली, तीही राज्याकडून मदत घेऊन. मदतीबरोबर नियमांचं बाड आलं म्हणे. बघ, मी म्हणत नव्हतो?

२० जानेवारी
घरी स्वयंपाक बंद. साठीच्या पुढच्यांना गाडीवर जेवण मिळतं, मी त्रेसष्टचा. अर्धा तास रांगेत. पुढे ऑर्व्हिल, अंगात माझा पायजमा. माझी पाळी आली तेव्हा मर्नाला हळूच म्हटलं, एक बटाटा जास्त घाल ना.

म्हणाली, "माणशी दोनच, लॉइड. वरून सक्ती आहे. माझ्या हातात काही नाही."

हातात भला मोठा डाव होता. त्यात तिसरा बटाटा होता. तो मागच्या बाईंना गेला.