जिंकल्यानंतरची दहा वर्षं

वर्धा, ४ ऑगस्ट २०२५

ती. नानांस,
इलाचा शि. सा. न. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून पत्र. कॉलेजात स्पर्धा आहे. दोन काल्पनिक देशांचं युद्ध नुकतंच संपलंय. आमचा गट म्हणजे जिंकलेला बलाढ्य देश, समोरचा हरलेला शत्रू. पुढची दहा वर्षं त्याच्याशी कसं वागायचं ते आम्ही ठरवायचं. एक फेरी म्हणजे एक वर्ष. अशा सहा जोड्या आहेत. ज्या जोडीचा तह सर्वांत जास्त टिकेल, तिच्यातल्या जिंकलेल्या देशाच्या प्रमुखाला दिल्लीत फुकट शिक्षण. आमची प्रमुख मीच! हरले तर बाबांनी बी.एड.चा फॉर्म आणून ठेवलाय, आणि मला काहीही करून दिल्लीच हवी आहे. मी शत्रूची बंदरं, जहाजं, सगळंच काढून घेणार. बरोबर ना?

आशीर्वाद असू द्या.
तुमची लाडकी (आईच्या मते लाडावलेली)
इला

सेलू, ८ ऑगस्ट २०२५

चि. इलास अनेक उत्तम आशीर्वाद.
साफ चूक! सोसायटीची निवडणूक मी बंडूजीविरुद्ध नऊ मतांनी जिंकलो, तेव्हा त्याच्या दारापुढे तासभर बँड वाजवला, उंबरठ्यावर गुलाल ओतला. केवढी मर्दुमकी! आमच्या शेतात जायची पांदणवाट त्याच्या वावरातून. दुसऱ्याच दिवशी त्यानं तिथे काट्या टाकल्या. अकरा वर्षं मी गावात पुढारी म्हणून मिरवलो आणि कापसाची गाडी नाल्यातून काढली. शेवटी दसऱ्याला सोनं घेऊन त्याच्या घरी गेलो. त्यानं एवढंच विचारलं, की नानाजी, यायले अकरा वर्सं काऊन लावली? संध्याकाळपर्यंत काट्या निघाल्या.

तेव्हा मोक्याची चौकी सोडू नको, पण त्याची वाटही अडवू नको. आणि त्याला बोलावून घेऊ नको, आपण उठून जा.

जेवण वेळेवर करत जा. माया आहेच.
नाना

वर्धा, १९ ऑगस्ट २०२५

ती. नानांस,
शि. सा. न. नाना, जिंकलो!

पहिल्याच फेरीत मी उठून शत्रूच्या टेबलाशी गेले. परीक्षकही चकित झाले. दोन देशांमधल्या सामुद्रधुनीवरच्या दोन्ही चौक्या आपल्याकडे ठेवल्या, धान्याच्या जहाजांना वाट मोकळी दिली, विजयाची परेड रद्द केली. बाकीच्यांचे तह तिसऱ्या-चौथ्या वर्षी मोडले. आमचा पुरी दहा वर्षं टिकला! शत्रूचा प्रमुख, हिंगणघाटचा गजेंद्र, नंतर सांगत होता की चौथ्या वर्षी हल्ल्याचा बेत तयार होता, पण त्याच्याच गटात कोणी हात वर केला नाही.

बाबा मागच्या रांगेत बसले होते, मला ठाऊकच नव्हतं. घरी येताना ऑटोवाल्याला स्वतःहून सांगू लागले, की माही पोरगी दिल्लीले चालली, आजच एक लढाई संपवून आली. त्यानं विचारलं, कोनासंगं? बाबा म्हणाले, माह्यासंगंच.

लोभ आहे, तो दिल्लीच्या पत्त्यावरही येऊ द्या.
तुमची इला