आत्याबाईंचे उसने शेअर

४ ऑक्टोबर १९२०
मुंबईच्या गिरण्यांचे भाव आभाळाला भिडलेत. पडणारच. सगळं तंजावूर घेत सुटलंय, म्हणून मी विकणार. माझ्याकडे शेअर नाहीत, ही किरकोळ अडचण. हिराबाई आत्याबाईंकडे दहा आहेत. उसने घ्यायचे, विकायचे, भाव पडला की स्वस्तात घेऊन परत द्यायचे. मधला फरक माझा. चंद्रमतीला सांगायचं नाही. बायकांना धीर नसतो.

६ ऑक्टोबर
आत्याबाईंनी दिले. म्हणाल्या, बायका लग्नापुरती माझी अड्डिगै गळ्यात घालून नेतात, तसेच आणून दे रे रघोजी. मद्रासचा दलाल वैद्यनाथ याने प्रत्येकी चारशेला विकले. तो पैसा मार्जिन, म्हणजे तारण, म्हणून त्याच्याकडेच ठेवून त्याच्याकडून आणखी तीस उसने काढून विकले. छाती लागते.

१२ ऑक्टोबर
भाव चढला. वैद्यनाथ आणखी मार्जिन मागतो. चंद्रमतीच्या बांगड्या गहाण. तिला सांगितलं, झिलईला दिल्यात. म्हणाली, सोनाराचं नाव तरी खरं सांगा.

१८ ऑक्टोबर
पडू लागला! तीनशे नव्वद. वैद्यनाथला कळवलं, साडेतीनशे होताच तार कर, मग खरेदीचा हुकूम देईन. घाई लहान माणसं करतात.

२१ ऑक्टोबर, विजयादशमी
काल सरस्वती पूजा. पुस्तकं, दौत, ही वहीसुद्धा देवीपुढे. वाचायचं नाही, लिहायचं नाही. नेमकी तार आली. चंद्रमतीने पाकिटासकट पूजेत ठेवून कुंकू लावलं. म्हटलं, नुसती बघतो. म्हणाली, बघणं म्हणजे वाचणंच. प्रसादाचं हरभऱ्याचं सुंडल खात बसलो.
आज पूजा उतरल्यावर उघडली. साडेतीनशे, ताबडतोब कळवा. मुंबईत सरस्वती पूजेची सुट्टी नसते! धावत तार केली, घ्या. उत्तर आलं: आज दसरा, मुंबई बंद.
एका दिवसात काय होतंय?

२२ ऑक्टोबर
बाजार उघडताच पाचशे ऐंशी. वैद्यनाथने न विचारता माझ्या पैशाने तीस शेअर विकत घेऊन आपले उसने वसूल केले. मार्जिन बुडालं. बांगड्याही.

२५ ऑक्टोबर
आत्याबाई आल्या. म्हणाल्या, भाव सहाशे झालाय म्हणे, विकून टाक माझे. तुझ्याइतकं कुणाला कळतंय ह्यातलं?

१ नोव्हेंबर
पापनाशमचं शेत तिथल्याच शेजारच्या शेषगिरीला विकलं. सहा हजार आत्याबाईंना नेऊन दिले, शेअरचे म्हणून. त्यांनी डोक्यावरून हात फिरवला.

१४ नोव्हेंबर
आत्याबाईंनी त्याच पैशांत शेषगिरीकडून माझं शेत घेतलं. म्हणाल्या, कागदापेक्षा माती बरी. देखरेख तू कर, वर्षाला एक पोतं तांदूळ देईन.
म्हणजे जमीन घराबाहेर गेलीच नाही. दूरदृष्टी ती हीच. चंद्रमतीला समजावून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, रिकामं पोतं त्या देणार, की तेही आपणच न्यायचं?