चुकीची फुली

प्रिय बाबा,

फोनवर मी "शाळा छान चाललीय" एवढंच सांगते. खरं म्हणजे शिकवायला लागून सात महिने झाले, तरी नववीच्या तासाआधी प्रत्येक गणित चारचारदा सोडवून बघते.

सहामाहीत एका मुलीने समीकरण वेगळ्याच पद्धतीने सोडवलं होतं. मी पायऱ्या न वाचताच फुली मारली. पालकांच्या सह्या होऊन पेपर परत आले, तेव्हा नीट पाहिलं, तर गणित बरोबर होतं. आज वर्गासमोर तिचे गुण वाढवले आणि म्हटलं, "चूक माझी होती."

"मला माहीत होतं, मॅडम."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही नवीन आहात ना. तुम्हाला वाईट वाटलं असतं."

वर्ग हसला, मीही हसले. पण तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. सातवीत तुम्हीच आम्हाला गणित शिकवायचात. एकदा फळ्यावरची तुमची चूक मला दिसली होती, आणि मीही गप्प बसले होते. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून नाही, बाबा. तुमची भीती वाटायची म्हणून.

अजूनही वाटते. म्हणून हे पत्र माझ्याच कपाटात राहील.

तुमची,
धाकटी