तुझं सोवळं

आई, ज्याला आम्ही सगळे तुझं सोवळं म्हणत आलो, तो आजार होता. हे मला इतक्या उशिरा कळलं, की आता तुला सांगायचीही सोय राहिली नाही.

मल्लेश्वरमच्या त्या घरात तुझ्या सोवळ्याचा केवढा बोलबाला! नळाला पाणी आलं की तू आधी नळ धुतेस, मग बादली, मग बादलीची कडी, मग पुन्हा नळ, कारण बादलीला लावलेला हात त्याला लागलेला असतो. शेजारच्या अक्का कौतुकानं मला कानडीत म्हणतात, "निम्म अम्मा तुंबा मडी कणो!" तुझी आई फार मडीची, आणि मडी म्हणजे आपलं सोवळंच. गौरीच्या नैवेद्याला नातेवाइकांना तुझ्याच हातचा स्वयंपाक हवा असे. बाबा कारखान्यातून आले की मागच्या दारानं मुकाट न्हाणीघरात जात आणि चारचौघांत मिरवत, "आमच्याकडे फार कडक असतं." तुझं दुखणं आम्ही मखरात बसवलं होतं, आई. मखरातल्याला कोण डॉक्टरकडे नेतो? तुझी बोटं भेगाळली, मीठ झोंबलं की तू ओठ चावायचीस, आणि आम्ही फार तर खोबरेल तेलाची बाटली पुढे करायचो.

बोम्मसंद्राला नोकरी लागल्यावर मी चिकपेटहून तुला रेशमी साडी आणली होती. तू ती हातात घेतलीस, "किती जणांचे हात लागलेत रे हिला," म्हणालीस आणि सरळ बादलीत बुडवलीस. पाणी लालभडक झालं. मी ओरडलो, "नको होती तर तसं सांगायचं!" तू पिळता पिळता म्हणालीस, "कळतं रे मला. पण राहवत नाही." अख्खा आजार तू एका वाक्यात सांगितला होतास, आणि मी रुसून जेवलो नाही.

आता माझी मुलगी तशीच नळाशी उभी राहते. ती देवाला हातसुद्धा जोडत नाही, त्यामुळे तिच्या धुण्याला सोवळं म्हणायची पळवाट नव्हती. तिला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरबाई शांतपणे समजावत होत्या: नको तो विचार आपोआप येतो, भीती वाटते, हात धुतले की घटकाभर बरं वाटतं, आणि त्या बरं वाटण्यानंच भीती पुन्हा यायला शिकते. कारण एकच नसतं. काही मेंदूतलं, काही रक्तातून आलेलं, काही ताणाचं. "घरात आधी कुणाला?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "छे. आमची आई तेवढी सोवळ्यातली होती." त्यावर त्या म्हणाल्या, "सोवळं आटोपलं की माणूस निवांत होतो. त्या व्हायच्या का?"

तू कधीच झाली नाहीस.

परतताना ऑटोत मुलगी माझ्यापासून अंग चोरून बसली होती. म्हणाली, "अप्पा, तू घाण आहेस म्हणून नाही रे मी लांब बसत. माझ्या हातानं तुला काहीतरी होईल असं वाटतं." मला हुंदका आवरेना. ऑटोवाला मागे वळून "एनायतु सार?" विचारत राहिला. काय झालं म्हणून सांगू त्याला? शाळेतून आलो की तू मला जवळ घेत नव्हतीस, तापानं फणफणलो तरी दारातूनच बघायचीस, आणि आपल्या आईला आपली किळस येते असं धरून मी पन्नाशी ओलांडली. त्या दारात तू कशाला घाबरून उभी होतीस, हे तुला एकदा तरी विचारायला हवं होतं.

औषधं तुझ्या वेळीही होती गं. मनाच्या आजारांचं एवढं मोठं इस्पितळ याच गावात, बसनं जाण्यासारखं. आपण तिथे गेलो नाही, कारण तिथे वेडे जातात आणि तू तर पुण्यवान होतीस.

मुलगी गोळ्या घेते. शिवाय तिला धडे असतात: दाराची कडी धरायची, हात धुवायचे नाहीत, भीती आपण होऊन ओसरेपर्यंत बसून राहायचं. मी शेजारी बसतो. काही होणार नाही असं म्हणायचीही मला बंदी आहे, कारण तो दिलासाही हात धुण्यासारखाच; नुसतं बसायचं. परवा तिनं तोच न धुतलेला हात माझ्या गालावर ठेवला. लगेच काढला नाही. मी डोळे मिटून घेतले. हे तिला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही: तेवढा वेळ तो हात मी तुझा समजलो.